आमची गरीब नव्हती

त्या सकाळी आम्ही नवराबायको ओटीवर बसून वाल सोलत होतो. मोड आलेले वाल, मधे परात, अलीकडं ती, पलीकडं मी. साल काढताना माझ्या हातून दाणा मोडायचा. मोडके दाणे ती गुपचूप वेचून बाजूला ठेवायची. निम्मे झाले असतील, तेवढ्यात तिनं पोट धरलं. "राहिलेलं मागनं," एवढंच म्हणाली.

शेलार गावाहून टांग्यानं तिला भिवंडीतल्या दवाखान्यात नेलं. आत एका लूमवाल्याचं बोट मागात चेपलेलं, तो किंचाळत होता. त्याला लगेच घेतलं. कंपाउंडर उत्तरेकडचा. त्यानं हिला विचारलं, "चाची, दर्द कितना है?" ही गप्प. मीच म्हणालो, "हमारी गरीब है, बोलेगी नहीं."

आपण गाय गरीब म्हणतो, तसं. मारत नाही, ओरडत नाही, तेव्हा तुम्हीच ओळखा. त्याच्या कानाला ऐकू आलं, पैसे नाहीत. "तो पहले बोलना था ना," म्हणाला आणि आम्हाला मागच्या पडवीत बसवलं. मला वाटलं, बाईमाणसाला आडवं व्हायला जागा दिली. मी मूर्खानं त्याला हात जोडले!

दुपारी पडवीत शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "फुकटवाल्यांना शेवटीच घेतात, बाबा." तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी आत धावलो. "पैसे हायेत माझ्याकडं! गरीब म्हंजे स्वभावानं!"

कंपाउंडर हसला. "स्वभाव से कोई गरीब होता है क्या, चाचा?"

डॉक्टर पडवीत आला तोवर ती गेली होती. शेवटपर्यंत हूं नाही की चूं नाही.

त्या कंपाउंडरची चूक एकवेळ मी समजू शकतो, त्याची भाषा वेगळी. आपली काय? बैलबाजारात माझा बाप आधी विचारायचा, "गरीब हाय का?" म्हणजे लाथ मारतो का, शिंग उगारतो का. माझ्यासाठी मुलगी बघायला गेला तिथंही तेच विचारलं, तिच्यासमोर! तिच्या मामानं सांगितलं, "एकदम गरीब. कुठंबी बांधा." सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नव्हती, हे मला आज आठवतं.

संध्याकाळी तिला पोचवून आलो, तर दारात जमलेल्या बायकांचं तेच. "बाय गरीब व्हती हो. कुनाला तरास न्हाय दिला."

माझं डोकं फिरलं. "कोन गरीब? लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची तेव्हा बायकांना प्यायला पानी ठेवीत नव्हते. तर ही दारात पाय पसरून बसली. मुकादम आला, शेठ आला, 'ऊठ ना बाई' म्हनून इनवन्या केल्या. ही उठली न्हाय. सुताचं एक गाठोडं आत जाऊ दिलं न्हाय. माठ आला तेव्हा उठली. बोलली न्हाय म्हनून गरीब व्हय?"

माझी भावजय म्हणाली, "भाऊजी, मानसं बसलीत. बरं बोलतात तिच्याबद्दल."

बरं! ज्याला कुठंही बांधता येतं त्याला आपण बरं म्हणतो. मीही जन्मभर तेच म्हणत आलो, आणि वर मिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्याला फडकं बांधून निघालो. "सुतकात कुठं?" भावजय ओरडली. थांबलो नाही. दवाखान्यात गेलो आणि दारात पाय पसरून बसलो. लोक मला ओलांडायला बघेनात, बाहेरच तटले.

"चाचा, उठो. क्या चाहिए?" कंपाउंडर बाहेर आला.

मागच्या पडवीत एक म्हातारी भिंतीला डोकं टेकून बसलेली मला दारातून आरपार दिसत होती. मी बोट दाखवलं. "आधी तिला घे."

"क्यों? गरीब है?"

"न्हाय. गप हाय. दुखत असंल तिला."

कंपाउंडर पडवीकडं वळला. मग जाऊन त्यानं म्हातारीला हाताला धरून आत नेलं. तेव्हा मी उठलो. घरी येऊन राहिलेले वाल सोलायला बसलो.