न दिसणारा बोल्ट

कोरियातल्या वांदो बेटावर आमचं दोरखंडांचं दुकान आहे आणि रस्त्यापलीकडे मा आडनावाच्या पान-सकचं गॅरेज. तीस वर्षं मी त्याला रोज पाहत आले. माणूस बुटका, खांदे रुंद, बोलणं मोजकं. आमच्याकडचे ट्रक खायचं समुद्री शेवाळ आणि शिंपले वाहतात. चाकांपासून छतापर्यंत खारं पाणी निथळत असतं, त्यामुळे इथल्या गाडीचा एकेक नट गंजून दगड होतो. असा नट पान-सकच्या हातात आला की सुटायचाच. लोक म्हणायचे, त्याच्या बोटांना डोळे आहेत. हे ऐकून तो खूश व्हायचा, फक्त दाखवायचा नाही.

त्याच्या हाताखाली त्याचा मेहुणा काम करायचा, कुक आडनावाचा छांग-बे. पान-सकची बायको ओक-ही, तिचा हा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, तोंडाचा फटकळ.

"दाजी, तुमच्या सुपापेक्षा इंजिनातलं तेल बरं लागेल," असं तो जेवताना म्हणायचा.

"मग तेच पी. तांदूळ तरी वाचतील," पान-सक म्हणायचा.

वसंतात शेवाळाची काढणी जोरात असताना पाच टनी ट्रक दुरुस्तीला आला. इंजिनाची पार वाट लागली होती, उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोघांनी केबिन पुढे झुकवली, पाण्याची टाकी काढली आणि तुळईला अडकवलेल्या चेनपुलीची साखळी इंजिनाला घातली. गिअरबॉक्स गाडीतच राहणार होता, म्हणून त्याच्याखाली जॅक लावला. गिअरबॉक्सचं तोंड घंटेसारखं पसरट असतं आणि ते चहूबाजूंनी बोल्टांनी इंजिनाच्या पाठीला आवळलेलं असतं. ते सगळे बोल्ट काढायचे आणि इंजिन सरळ पुढे ओढायचं, म्हणजे गिअरबॉक्सचा दांडा क्लचमधून अलगद बाहेर येतो. यातला सगळ्यात वरचा बोल्ट दिसत नाही. हात मागून घालून चाचपूनच तो सोडवावा लागतो. ते काम कायम पान-सकचं.

त्या दिवशी त्याने हात घातला. बराच वेळ गेला. शेवटी एक बोल्ट हातात आला तसा तो म्हणाला, "निघाला. ओढ."

छांग-बेने साखळी ओढली. खालच्या बाजूला फट पडली, पण वरून इंजिन हलेना.

"दाजी, वर काहीतरी धरलंय."

"मीठ धरलंय. गंजलंय ते. पहार घाल."

"एकदा बघता का परत?"

"मी काढलाय म्हटलं ना! घाल पहार."

छांग-बेने पहार घातली, डावा हात आधाराला गिअरबॉक्सच्या कडेवर ठेवला आणि जोर लावला. कडकन आवाज झाला, तो माझ्या दुकानापर्यंत आला. त्या घंटेसारख्या तोंडाचा वरचा कान, ज्यातून बोल्ट जातो तो, तुटला होता. इंजिन झटक्याने पुढे गेलं, साखळीवर झुललं आणि तसंच मागे आलं. छांग-बेचा हात मध्ये होता.

ओरडणं ऐकून मी धावत गेले. पान-सकने इंजिन खांद्याने रेटून धरलं होतं. आम्ही हात टॉवेलात गुंडाळला. पूल ओलांडून ग्वांगजू शहरातल्या रुग्णालयात नेलं, तिथे दोन बोटं काढावी लागली, अंगठ्याशेजारची.

त्या संध्याकाळी पान-सक गॅरेजमध्ये रक्त धुवायला गेला. तेव्हा त्याला दिसलं, की इंजिनाच्या पाठीवर तुटक्या कानाचा तुकडा अजून चिकटून आहे आणि त्यात वरचा बोल्ट जसाच्या तसा आवळलेला आहे. मग त्याच्या हातात आला तो कुठला? वायर धरायच्या पट्टीचा. ती पट्टी तिथेच शेजारी असते. त्याच्या बोटांना फरक कळलाच नव्हता.

त्याने तो बोल्ट सोडवला, तुकड्यासकट खिशात घातला आणि घरी गेला. हे आम्हाला फार नंतर कळलं.

तोवर गावात बोलणं सुरू झालं होतं, आणि दोष जाऊन चिकटला छांग-बेला. घाईचा माणूस, पहार घालून मोकळा झाला. रुग्णालयात ओक-हीसुद्धा त्याच्या उशाशी रडत रडत त्यालाच बोलायची. पान-सक रोज बसने जायचा, शेजारी बसायचा. एकदा छांग-बे स्वतःच म्हणाला, "दाजी, माझीच चूक. मी जोर फार लावला."

यावर पान-सकने काय म्हणावं? त्याने म्हटलं, "पुढच्या वेळी घाई करू नकोस."

छांग-बे घरी आला त्या दिवशी ओक-हीने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी शिंपल्यांची पेज घेऊन गेले. छांग-बे उजव्या हाताने जेवत होता, डावा पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर. थट्टा करत होता, "आता पत्त्यांत मला लबाडी करता येणार नाही, हातातले पत्ते उघडेच पडणार." कोणी हसलं नाही.

"लहानपणापासून तुझं हेच," ओक-ही त्याच्या भातावर मासा ठेवत म्हणाली. "झाडावरून पडलास तेही घाईनेच. दाजींचं ऐकायला काय होतं तुला?"

"ऐकलं म्हणून तर झालं," पान-सक म्हणाला.

ओक-हीचा हात थांबला. पान-सकने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. मान वर न करता तो म्हणाला, "वरचा बोल्ट आतच होता. मी पट्टीचा काढला आणि निघाला म्हणालो. तो विचारत होता, परत बघता का. मीच ओरडलो त्याच्यावर."

छांग-बेने अगदी हळू विचारलं, "तुम्हाला कळलं नाही हाताला?"

"नाही. बोटं बधिर होतात. थरथरतात पण."

"कधीपासून?"

"गेल्या थंडीत किमचीचं लोणचं घातलं ना, तेव्हापासून. तिखट चोळताना काही जाणवेना."

"ताईला माहीत होतं?"

ओक-हीने नकारार्थी मान हलवली.

छांग-बे उठला. "बोटं गेली ती गेली, दाजी. लोखंडाशी खेळतो आपण, आज ना उद्या जायचीच. पण मी तिथे पडलो होतो आणि तुम्ही मला सांगत होतात, घाई करू नकोस. मला! माझ्या उशाशी बसून!"

चपला पायात धड न घालताच तो निघून गेला. ओक-हीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने ताटल्या उचलल्या आणि मोरीत पाणी सोडून तिथेच उभी राहिली.

त्यानंतर गॅरेजचं शटर खाली होतं. पान-सकने गावात दोष आपल्या अंगावर घेतला. माझ्या दुकानात दोर घ्यायला आलेल्यांनाही त्याने स्वतः येऊन सांगितलं, कोणी विचारलेलं नसताना. काही जणांना ते खरं वाटलं नाही. मेहुण्याला वाचवतोय म्हणाले, आणि तो आणखीनच खचला. ओक-ही त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. कंपवाताची सुरुवात होती, आणि मानेतली नसही दबली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, अवजारं हातात धरणं बंद करायला सांगितलं.

ट्रकवाला मात्र रोज येऊन शटर ठोठावायचा. त्याचं इंजिन तसंच साखळीला लटकलं होतं. शेवटी एका सकाळी शटर वर गेल्याचा आवाज आला. मी पाहिलं तर छांग-बे आत होता, एकटाच. भंगारातून त्याने गिअरबॉक्सची तशीच दुसरी घंटा आणली होती. पान-सक येऊन दाराशी उभा राहिला. छांग-बे म्हणाला, "आत या, पण कशाला हात लावायचा नाही."

पान-सक स्टुलावर बसला. काही दिवसांनी, बाहेरून दुरुस्त होऊन आलेलं इंजिन परत बसवायची वेळ आली. एका हाताने छांग-बेचं काम रडतखडत चाललं होतं. पान-सकची बोटं मांडीवर आपोआप वळत होती, जणू पाना तोच फिरवतोय. वरच्या बोल्टाशी छांग-बे अडला. उजवा हात तिथवर पोचेना आणि डाव्यात पाना धरायची दोन बोटं नव्हती.

"आरसा लाव," पान-सक म्हणाला. "छोटा, दाढीचा. बॅटरी खालून मार. लांब दांड्याचा पाना घेतलास तर हात घालावा लागणार नाही."

छांग-बेने तसं केलं. आरशात बोल्ट लख्ख दिसत होता. तो आरशाकडे पाहतच राहिला.

"एवढं सोपं होतं तर तुम्ही का नाही लावलात कधी आरसा?"

पान-सक म्हणाला, "लोक म्हणायचे ना, बोटांना डोळे आहेत."

छांग-बेने बोल्ट आवळून पुढचा घेतला.

गॅरेज आता छांग-बेच चालवतो. मोठी इंजिनं घेत नाही, घेतली तर बंदरावरून एक माणूस मदतीला बोलावतो. पान-सकच्या शर्टाची बटणं ओक-ही लावते. दोघं नवराबायको दर महिन्याला ग्वांगजूला डॉक्टरकडे जातात, तेव्हा छांग-बे त्यांना बसथांब्यावर सोडतो. गाडीत तिघंही गप्प असतात, असं ओक-ही सांगते. पण परवा पान-सकला बसची पायरी चढता येईना, तेव्हा छांग-बे गाडीचं इंजिन चालू ठेवूनच उतरला, त्याने आपला तीन बोटांचा हात पान-सकच्या काखेत घातला आणि त्याला वर चढवलं. बस सुटेपर्यंत तिथेच थांबला. मग परत येऊन त्याने शटर उघडलं.