मानेवरची जांभळी रेघ

माझ्या बाबांची नजर इतकी तेज की उडत्या डासाच्या दोन्ही भुवया जुळतात की नाही, ते जागचे न हलता सांगायचे. पेणला गणपतीच्या कारखान्यात ते मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. माती कुणीही मळावी, रंग कुणीही फासावा; पण डोळ्यांची वेळ आली की मालकसुद्धा आवाज खाली आणून म्हणायचा, "बसा आता तुम्ही." बाबांनी डोळे काढलेल्या मूर्तीसमोरून चोराला सरळ चालत जाता येत नाही, अशी आमच्या आळीत वदंता होती. ती मीच उठवली होती, पण तेवढ्याने काही ती खोटी ठरत नाही.

अशा माणसाची लेक, माझी ताई, रोह्याला दिलेली. नव्वद सालानंतरची गोष्ट. दातांना तंबाखूची मिश्री लावायची तिची लहानपणापासूनची सवय. गालात आतून फोड आला तो बरा होईना. मुंबईत तुकडा काढून तपासला, मग ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, आता शेक घ्यावा लागेल. शनिवार-रविवार सोडून रोज, दीडेक महिना, मध्ये खंड न पाडता. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडे त्याला कुणी 'लाईट' म्हणे, कुणी 'करंट'. नागोठण्याकडे कंपनीची धुराडी आभाळाला टेकू दिल्यासारखी उभी होती, पण शेकाचं मशीन जवळपास कुठे आहे म्हणून विचारलं की जो तो मुंबईकडे बोट दाखवायचा. रोह्याहून रोज मुंबई कशी झेपणार? म्हणून ताई माहेरी आली, आणि एसटीने तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं.

काय ती एसटी! पेणला ताठ चढलेला माणूस पनवेलला प्रश्नचिन्ह होऊन उतरायचा. शेक दोन-चार मिनिटांचा, त्यासाठी दिवस जायचा अख्खा.

पहिल्याच दिवशी मशीनवरच्या बाईंनी एक्सरे बघून ताईच्या गालावर नि मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या. म्हणाल्या, "मशीन या रेघांवर लावतो. पुसू द्यायच्या नाहीत. पाणी नको, साबण नको."

पाणी, साबण आम्ही सांभाळला. घाम कसा सांभाळणार? मे महिना. खारपाड्याच्या पुलावर पुढचा ट्रक बंद पडला आणि आमची गाडी तापल्या तव्यासारखी तिथेच उभी. ताईने सवयीने पदर मानेवरून फिरवला. घरी आलो तेव्हा मान अशी दिसत होती, जणू पोराने जांभळं खाऊन तिथेच तोंड पुसलंय.

"उद्या मशीन कशावर लावतील आता?" ताई रडकुंडीला आली.

बाबा कारखान्यातून नुकतेच आले होते. "रडतेस कशाला गो बाय? माग दिसतोय की." त्यांनी बारीक ब्रश काढला, तिला दारातल्या उजेडात बसवलं, मान वळवून बघितली आणि चुकचुकले. "कुणी मारलीय ही? एक टोक वर, एक टोक खाली. आमच्याकडे असं काम केलं असतं ना, मालकानं हाकललाच असता."

आणि त्यांनी ती रेघ सरळ केली. इतकी सरळ की तिच्यावर सुपारी ठेवली असती तर घरंगळली नसती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ताईला टेबलावर घेतलं, दिवा लावला, आणि मशीन सुरू न करताच बाहेर आल्या. "हे कुणी काढलं?"

"माझ्या बाबांनी!" मी छाती फुगवून सांगितलं. "देवाचे डोळे काढतात ते."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजार वाकडा पसरतो, म्हणून रेघ वाकडी होती," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षात आलं नसतं तर शेक हवा तिथे पोचला नसता आणि नको तिथे बसला असता. आता पुन्हा एक्सरे, पुन्हा खुणा. नंबर पुढच्या आठवड्यात लागेल."

डॉक्टर एवढंच म्हणाले, "खंड पडायला नको होता."

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी तो बारीक ब्रश कापडात गुंडाळून ठेवला. आमची एसटी रोह्याला जायला जेवढा वेळ घेते त्याच्या आत बातमी तिथे पोचली. भावोजी आले आणि ताईला घेऊन गेले. नंबराचा दिवस जवळ आला, तसा निरोप आला: आता पाठवायची नाय.

बाबा मला घेऊन रोह्याला गेले. ओटीवर ताईची सासू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "या व्याहीबुवा. देवाचे डोळे काढणारा हात लागला आन् मशीन थांबली. देवालाच नको आसंल. कशाला तिचे हाल करता?"

"देवाला मध्ये आणू नका," बाबा म्हणाले. "चुकला तो माझा हात. दुसऱ्याचं काम मला वाकडं दिसलं, म्हणून चुकला. त्याची शिक्षा तिला नको."

"आन् परत चुकलात तर?"

"ब्रश धरणार नाय तिच्या मानेला."

सासू तांदूळच निवडत राहिली. मग आतून ताई आली, हातात पिशवी, मानेला सुती रुमाल. "आत्याबाय, भात झाकून ठेवलाय," ती म्हणाली आणि चपला घालू लागली. सासूने अडवलं नाही. जा असंही म्हटलं नाही.

पुन्हा खुणा झाल्या. आता बाबाही एसटीत यायला लागले. ताई खिडकीशी, बाबा तिच्या शेजारी वर्तमानपत्राने वारा घालत. खारपाड्याच्या पुलावर तर दुप्पट जोराने. रेघ फिकटली की ते तिच्याकडे नुसते बघायचे आणि मशीनवरच्या बाईंना दाखवायचे. तिथे शेक सुरू होऊन दारावरचा लाल दिवा लागला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बाकावर बसायचे, दिवा विझेपर्यंत.

शेक पुरे झाले. ताईची मान करपलेल्या भाकरीसारखी झाली होती. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "मधल्या त्या दिवसांनी काही बिघडलं का?"

"ते आत्ता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी मान हलवली. मग ते उठायला गेले, पण हात काढायचं विसरले. हात तसेच मांडीखाली होते.