अकरा घरांचा पोस्टमन

मिल बंद पडून बाबा घरी बसले, त्या वर्षी मी नोकरीसाठी अर्ज टाकत होतो आणि रोज गेटशी पोस्टमनची वाट पाहत होतो. तो सायकल हातात धरून पायीच यायचा. आधी चष्मा पुसायचा, मग गठ्ठ्यातलं एकेक पाकीट उलटसुलट करून बघायचा. माझा जीव टांगणीला आणि ह्याचं आपलं सावकाश चाललेलं! शेवटी मान हलवायचा, "आज नाही, भिया."

त्यातच टपाल आठवड्यातून तीनच दिवस वाटायचं, अशी चर्चा सुरू झाली. आमच्या राजेंद्र नगरात सगळे संतापले. हा मात्र म्हणाला, "होऊन जाऊ द्या, अच्छाच आहे."

माझं डोकंच फिरलं. "काका, इंटरव्ह्यूचं पत्र दोन दिवस उशिरा आलं तर माझी नोकरी जाईल! तुम्हाला फक्त आराम पाहिजे."

तो गठ्ठ्याची सुतळी बांधत राहिला. "आराम कसला? ह्या लाइनीत अकरा घरी मिलवाले बसले आहेत. सगळ्यांची पोरं तुमच्यासारखीच दारात उभी. रोज अकरा वेळा 'नाही' म्हणावं लागतं, भिया. तीन दिवस तरी सुटेन."

पटलं, पण चीड गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आतच बसलो. त्याने बेल वाजवली. मी धावत गेलो, तर त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"दिसला नाहीत दारात. तब्येत ठीक आहे ना?"

ठीक आहे म्हणालो. ह्या माणसावर धड रागावताही येत नाही, याचाच मला जास्त राग आला.