चार दिवस चालणारी बाटली

माझी वहिनी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. लाँड्री तळघरात. धुतलेल्या ओल्या चादरी ढिगाने समोर यायच्या. मग ती आणि तिची जोडीदारीण दोन टोकं धरायच्या, एक झटका द्यायच्या आणि चादर गरम रुळांच्या मशीनमध्ये सोडायच्या. पलीकडून ती कोरडी, कडक, सुरकुतीचं नाव नाही अशी बाहेर पडायची. बावीस वर्षं वहिनीने हेच केलं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या बारीक रेघा होत्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "दुसऱ्यांच्या झोपेची सोय करते मी. स्वतःची चादर मात्र आठवडा आठवडा बदलत नाही."

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आई नव्हती. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा रडत गेले ती तिच्याकडेच. तिने सगळं समजावून सांगितलं, कशाचीही लाज न बाळगता, भाजी निवडता निवडता. मला ती चिमणी म्हणायची, अजूनही म्हणते. दादा-वहिनीला मूलबाळ झालं नाही, मी लग्न केलं नाही, त्यामुळे दादा, वहिनी आणि मी असं आमचं तिघांचं घर. दादा बसच्या आगारात मेकॅनिक. मी पोस्टात काउंटरवर.

दोन वर्षांपूर्वी वहिनीचे डोळे पिवळे झाले. तिच्या लक्षातच आलं नाही. तळघरातल्या पांढऱ्या ट्यूबखाली मुकादमाला दिसलं. तो म्हणाला, "बाई, उद्या कामावर येऊ नका, डॉक्टरकडे जा." कावीळ असेल म्हणून गेलो आणि स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ घेऊन परत आलो. पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते धड आठवत नाही. ऑपरेशन सात तास चाललं. सर्जनने कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं: इथून हे कापलं, ते इथे जोडलं, पोटाचा एवढा भाग गेला. दादा सगळं नीट बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे पाइपांची सगळी जोडणीच बदलली तुम्ही." सर्जन हसला. गाठ पूर्ण निघाली होती.

घरी सोडताना नर्सने एक बाटली हातात दिली. मोठमोठ्या कॅप्सूल, आत बारीक दाणे. आता अन्न पचवायचा रस शरीरात पुरेसा तयार होणार नाही, तो बाहेरून द्यायचा, असं तिने सांगितलं. "जेवताना दोन, काही बारीकसारीक खाल्लं तर एक. पहिल्या घासाबरोबर सुरू करायच्या. जन्मभर. विसरायचं नाही." वहिनी विसरणाऱ्यातली नव्हतीच. पहिले तीन महिने ती घरी होती. बाटली कपाटात असायची, ती वेळेवर गोळ्या घ्यायची, थोडंथोडं खायची. गालांवर जरा मांस आलं. आम्ही सुटलो असं वाटलं.

पावसाळा सरता सरता ती कामावर रुजू झाली. आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

आधी मला कळलंच नाही, कारण तिने कळू दिलं नाही. ती आमच्या आधी उठायला लागली. बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास. नळ सोडलेला, ब्रश घासल्याचा आवाज, आगकाडी ओढल्याचा वास. संडास व्हायची ती तेलकट, चिकट, पाणी ओतलं तरी तरंगत राहणारी, आणि असा वास की भिंतींना बसावा. हे तिने मला फार नंतर सांगितलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की ताटातलं अर्धं अन्न ती परत भांड्यात टाकते आणि ब्लाउजच्या शिवणी आत घेते.

एकदा मीच तिला बोलले. बाथरूमला जायला मला उशीर होत होता, पोस्टाची वेळ झाली होती. दार उघडलं आणि त्या वासाने मी नाक दाबलं. मी म्हटलं, "वहिनी, कामावर चोरून काय तळकट खातेस गं? डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

तिने माझ्या हातातून बादली घेतली आणि पुन्हा आत गेली. माझं ते वाक्य मला आजही गिळता येत नाही.

त्या दिवसापासून तिने तेल-तूप सोडलं. मग दूध सोडलं. मग दुपारचं जेवणच सोडलं, कारण खाल्लं की मशीन सोडून पळावं लागायचं आणि चादरीचं दुसरं टोक धरणारी बाई तशीच उभी राहायची. तीन महिन्यांत नऊ किलो गेले. गळ्याची हाडं वर आली. आरशासमोर ती थांबायची नाही. आम्ही तिघंही एकच गोष्ट मनात घेऊन फिरत होतो आणि कुणीच उच्चारत नव्हतं: ते परत आलंय.

शेवटी दादाने स्कॅनची तारीख घेतली. रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. दादाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती, पुन्हा घालत होता, पुन्हा काढत होता. डॉक्टर म्हणाले, "काही नाही. स्वच्छ आहे." दादाचे डोळे भरून आले. मी वहिनीकडे वळले. ती पांढरीफटक पडली होती.

"मग मी कशाने संपत चाललेय?" तिने विचारलं.

"खाणं वाढवा. काळजी कमी करा," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांचा डोस दुप्पट करतो."

ती म्हणाली, "डॉक्टर, नवी बाटली फोडली की चार-पाच दिवस मला बरं वाटतं. मग पुन्हा तेच."

डॉक्टर जरासे हसले. "नव्या गोष्टीवर विश्वास बसतो माणसाचा." बाहेर पुढचा पेशंट उभा होता.

दुप्पट डोसचंही तेच झालं. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी बाथरूम. दादा म्हणायला लागला, "अगं, मनाचे खेळ आहेत. रिपोर्ट स्वच्छ आलाय ना?" तो वाईट बोलत नव्हता. त्या कागदाला त्याने घट्ट धरून ठेवलं होतं, दुसरं काही धरायला नव्हतं त्याच्याकडे.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी वहिनीने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. "अहो, इकडे या. भात किती पाण्यात लावायचा ते बघून ठेवा."

"मला काय करायचंय?"

"बघा तर. तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी. डबे कुठले ते सांगते. साखर आणि मीठ एकसारख्याच डब्यात आहेत, घोटाळा करू नका. गॅसवाल्याचा नंबर दाराच्या आत चिकटवलाय."

दादा पाच मिनिटं ऐकत होता. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. "मला शिकवू नकोस! ऐकतेस का? मला काही शिकवायचं नाही तू!" तो चपला न घालताच घराबाहेर पडला. वहिनीने पातेलं उचललं, पोचा आला का ते पाहिलं आणि मला म्हणाली, "मग तू शिक, चिमणे. यांना उपाशी ठेवू नकोस."

मी शिकले. तिच्यासमोर उभी राहून, डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलत.

त्यानंतरच्या आठवड्यात मी दुपारी डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आले. बाथरूमचा नळ चालू होता, दार उघडं. वहिनी फरशीवर बसली होती, अंगावर भिजलेली साडी, पुढ्यात कामाचे कपडे. ती ते धुवत होती. बराच वेळ धुवत असावी, कारण साबणाची चकती झाली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

मी नळ बंद केला. ती खाली बघतच बोलली. "चादर हातात होती गं. सोडता येत नव्हती, मशीनने अर्धी ओढली होती. सोडली असती तर समोरचीचा हात ओढला गेला असता. मी धरून राहिले. आणि उभ्या उभ्या..." तिने साबणाची चकती पुन्हा उचलली. "सगळ्यांना कळलं. समोरचीने स्वतःचा एप्रन काढून माझ्या कमरेला बांधला. मी चालत आले. बसमध्ये कशी बसू?"

हॉटेल ते घर सात किलोमीटर आहे. तेव्हा उन्हाने डांबर पाघळत होतं.

"चिमणे, मला आता पुरे झालं," ती म्हणाली. "मी खाणार नाही. खाल्लं नाही तर होणार नाही. आणि त्या गोळ्याही नकोत. माणसासारखं जाऊ दे मला."

चौदाव्या वर्षी मला कशाचीही लाज वाटू न देणारी ही बाई, आणि तिने आठ महिने एवढी लाज एकटीने पोटात दाबली होती. मी तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. काय बोलले ते आठवत नाही. शेवटी एवढंच मागून घेतलं की अजून एका ठिकाणी चल. दवाखान्यात आहारतज्ज्ञ बसते, तिच्याकडे. मग तुला जे करायचं ते कर.

आधी ती कामावर परत जायला तयार नव्हती. पण समोरचीचा एप्रन परत द्यायचा म्हणून दोन दिवसांनी गेली. ठरल्याप्रमाणे मी तिला दुपारी लाँड्रीच्या मागच्या दारातून घेतलं आणि रिक्षाने सरळ दवाखान्यात नेलं.

आहारतज्ज्ञ म्हणजे पंचविशीतली मुलगी, चष्मा नाकावर घसरलेला. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार? तिने काय खाता, किती खाता ते विचारलं. संडासाचंही विचारलं, अगदी सरळ: रंग कसा, तरंगतं का, तेल दिसतं का. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग सगळं सांगितलं. चार दिवसांचंही सांगितलं. मुलगी हसली नाही. तिने लिहायचं थांबवलं.

"काकू, बाटली आणलीय?"

वहिनीने बाटली पिशवीतून काढून दिली. मुलीने ती घेतली आणि हातातच धरून राहिली.

"ही गरम का आहे?"

"एप्रनच्या खिशात असते. विसरायला नको म्हणून. दिवसभर जवळच ठेवते."

"एप्रन घालून कुठे असता तुम्ही?"

"मशीनपाशी. सुट्टीत लागतील तेवढ्या गोळ्या काढून घेते आणि एप्रन तिथल्याच पाइपावर अडकवते."

"कसलं मशीन?"

"इस्त्रीचं. वाफेचं."

मुलीने झाकण उघडून कॅप्सूल तळहातावर ओतल्या. सुट्या पडल्या नाहीत. दोन-तीन एकमेकींना चिकटून आल्या, टरफलं मऊ पडलेली. "या अशा कधीपासून आहेत?"

"उन्हाळ्यात सगळंच चिकटतं," वहिनी म्हणाली.

मुलीने चष्मा काढला. "काकू, याच्या आतला रस उष्णतेने मरतो. अंडं एकदा उकडलं की परत कच्चं होतं का? तसंच. तुम्ही घरी होतात तोवर बाटली कपाटात होती, म्हणून बरं होतं. नवी बाटली आणली की ती खिशात खराब व्हायला चार-पाच दिवस लागतात. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही एकही गोळी चुकवली नाहीत, पण त्यांच्यात काही उरलेलंच नव्हतं."

मला वाटलं वहिनी सुटकेचा श्वास टाकेल. ती त्या चिकटलेल्या गोळ्या नखाने सुट्या करायला लागली. मग म्हणाली, "मी मरायची तयारी केली होती."

आणि मग ती रडली. ऑपरेशनच्या वेळी रडली नव्हती, स्कॅनच्या वेळी नव्हती. तोंडावर हात न घेता, लहान मूल रडतं तसं. मी बाटली उचलून फिरवली. लेबलच्या खाली, बारीक अक्षरांत, लिहिलेलं होतं: थंड, कोरड्या जागी ठेवा. पोस्टात रोज शेकडो लोकांना मी सांगते, खालची बारीक ओळ वाचून मग सही करा.

सगळं बरं झालं, असं मी म्हणणार नाही. नवी बाटली घरात, सावलीतल्या कपाटात राहिली. त्यातल्या फक्त दुपारपुरत्या गोळ्या डबीत जायच्या आणि डबी हॉटेलच्या भांडारातल्या गार खोलीत. पाचवा दिवस आला, सहावा आला. दहाव्या दिवशी वहिनी सकाळी उठली आणि आमच्या नंतर बाथरूममध्ये गेली. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बोललं तर मोडेल असं वाटत होतं.

पण आठ महिन्यांनी आपला हिस्सा घेतलाच. पुढच्या महिन्यात चादर झटकताना, नुसती झटकताना, तिचं मनगट मोडलं. अन्न पचत नव्हतं तोवर हाडांना काही मिळालंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. प्लास्टर निघालं तरी हाताला जोर आला नाही. रुळांचं मशीन सुटलं. आता ती वरच्या मजल्यावर उशांचे फाटलेले अभ्रे शिवते. बावीस वर्षांच्या जोडीदारणीला आता दुसरी बाई मिळाली आहे, वहिनीपेक्षा उंच. वहिनी म्हणते, तिचा झटका चुकतो.

वजन सहा किलो परत आलं, तीन नाही. दादावर ती मधूनच भडकते, क्षुल्लक कारणाने, आणि तो ऐकून घेतो. त्याने एकदाच माफी मागायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मनाचे खेळ म्हणालात ना? मग आता माझं मन खेळतंय. खेळू द्या." पण त्याच्या ताटात वाढते आधी.

दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो. तो दिवस जवळ आला की तिची झोप जाते, जेवण अर्ध्यावर येतं आणि मला पुन्हा त्या उन्हाळ्यासारखं होतं. या वेळी दादा रजा टाकत होता, तिने त्याला थांबवलं. मला म्हणाली, "तू चल. त्यांचा चेहरा बघितला की मला आधीच वाईट बातमी कळल्यासारखं होतं."

आता आम्ही त्याच बाकावर बसलो आहोत. तिने तिची पर्स माझ्या मांडीवर दिली आहे आणि माझं मनगट धरून ठेवलं आहे, मोडलेल्या हाताने. आतून अजून कुणाचंही नाव पुकारलेलं नाही.