सांग, काय समजलं?

दिगू गेल्याचा फोन अमरावतीत आला तेव्हा मी विचारलं, "कोण दिगू?" ...चाळीस वर्षांच्या दोस्ताबद्दल! आठवड्यापूर्वीच तर अकोल्याच्या दवाखान्यात हसत म्हणाला होता, "डॉक्टरनं सगळं सांगितलं. समजलं." हा शब्द, आणि त्याच्या तोंडी? मी वकील, संशय हा माझा धंदाच. तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती. गड्याला खरंच समजलंय, की मला बनवतोय?

कारण 'समजलं' या शब्दाचा त्याच्याएवढा वैरी अख्ख्या वऱ्हाडात नसेल. अकोटच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बनवला. मजकूर घातला की वाक्यांची लांबी, अनोळखी शब्द मोजून तो वाचायला किती सोपा याचे गुण मिळायचे. अवघड वाक्य लाल व्हायचं. औषधांची पत्रकं, बँकेचे कागद हा त्यात घालून सोपे करत बसायचा. माझ्या एका नोटिशीनं तर सगळा पडदा लाल केला. "अरे, सोपं लिहिलं तर पक्षकार फी कशाले देईल?" मी जाम चिडलो. यंत्राला भाषेतलं काय कळतं, असं मला आजही वाटतं. पण यंत्रावर पुरता भरवसा त्याचाही नव्हता. माणसांच्या 'समजलं'वर तर मुळीच नाही. पास झालेला मजकूर तो बायकोला, शोभावहिनींना, समोरच्या स्टुलावर बसवून वाचायला लावायचा. त्या मान हलवायच्या, "समजलं." की हा लगेच, "सांग, काय समजलं?" तिथं भल्याभल्यांची बोबडी वळायची.

दवाखान्यात हाच प्रश्न त्याला विचारायचा मला धीर झाला नाही...

परवा अकोल्याला त्याच्या घरी गेलो. वहिनी ते स्टूल पुसत होत्या. न राहवून विचारलंच, "वहिनी, त्याला ठाऊक होतं का हो?"

"रिपोर्ट आला त्याच दिवशी कॉम्प्युटरवर लिवत बसले होते, भाऊजी. मंग मले इथं बसवलं. म्हने, वाच. दोनच ओळी होत्या. लाल काहीच नोतं."

"मग?"

"मी म्हटलं, समजलं. तं म्हनते कसे... सांग, काय समजलं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुमी दिवाळीले नसान." वहिनी फडकं घडी करत राहिल्या. "तं म्हने, बरोबर."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी स्टुलावर टेकलो. समोरचा पडदा बंद होता. मेल्या, मला का नाही रे बसवलंस इथं?