नॅनोच्या फॉर्मवरची सही

माझा स्वभाव संशयी. गॅसचं सिलिंडर आलं की मी सील दोनदा बघतो. मंगरूळपीरच्या बसमध्ये कंडक्टरनं दिलेलं तिकीट उलटसुलट करून वाचतो. बायको म्हणते, "तुमी सोताच्या सावलीलेही ओळखपत्र मागसान."

म्हणूनच अनसिंगजवळच्या आमच्या शेतावर कंपनीचा माणूस नॅनो खताच्या बाटल्या घेऊन आला, तेव्हा थोरल्या भावानं मला वाशिमहून बोलावून घेतलं. शेती तो करतो, फवारणीचा पंप त्याच्याच पाठीवर. मी नोकरीतला, चार बुकं शिकलेला.

"कण इतके बारीक, की थेट पानाच्या आत शिरतात," तो माणूस म्हणाला. चाचणीसाठी बाटल्या फुकट. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात.

"पानात शिरते, त माणसात काहून शिरत नाही?"

"काका, माणसाचं कातडं वेगळं."

"आन् फुप्फुस?"

तो हसला. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला. विषारी औषधाच्या डब्यावर असतो तसा रंगीत त्रिकोणही बाटलीवर नव्हता. तो म्हणाला, हे विष नाहीच, आणि असल्या बारीक कणांसाठी वेगळी खूण त्यानं तरी कुठं पाहिली नव्हती. मग कमीजास्त झालं तर जबाबदार कोण? सगळं फॉर्मात आहे, म्हणे. फॉर्म तीन पानी, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. माझा चष्मा घरी राहिला होता. भावासमोर ते सांगायची लाज वाटली. पानं उलटली, मान हलवली आणि साक्षीदाराच्या जागी ऐटीत सही ठोकली.

फवारणीनंतर भावाला खोकला लागला. पंधरा दिवस झाले तरी थांबेना. त्या खतानंच लागला की कसं, डॉक्टरांनाही सांगता येईना. "त्यात होतं काय?" एवढंच त्यांनी विचारलं. मी कंपनीच्या माणसाला फोन लावून नाही नाही ते बोललो. त्यानं शांतपणे फॉर्मचा फोटो पाठवला. या खेपेला चष्मा लावून वाचलं. सगळे धोके शेतकऱ्याला त्याच्या भाषेत वाचून समजावले आहेत, असं लिहिलं होतं. खाली सही माझी.

भावाला सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालेल. तो खोकला आवरत म्हणाला, "तू त कोनावरच भरोसा ठेवत नाही. तू सही केली म्हनून त मी तोंडाले फडकं बी बांधलं नाही."