चादरींच्या कपाटाचं कुलूप

लाखनीत आमच्या शेजारची काकू मला चिडवायची, "सुईन व्हायले डिग्री कायले लागते वं?" मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, प्रसूतीच्या जाडजूड पुस्तकानं घाम फुटला होता, आणि वर हे. मी फणकाऱ्यानं निघून जायची.

बाळंतपण शिकवणाऱ्या आमच्या मॅडम ठेंगण्या, मऊ आवाजाच्या. पण त्या लेबर रूममध्ये शिरल्या की आरडाओरडा करणाऱ्या सिस्टरही हळू बोलायला लागायच्या. माझं डोकं कायम गरम. त्यांचं तापलेलं कधी पाहिलं नाही, आणि याचा मला चक्क हेवा वाटायचा.

एकदा सकाळी आमच्या दवाखान्यात अड्याळ गावाकडची पहिलटकरीण आली, सोबत नवरा आणि सासू. बाळाचे ठोके चांगले होते, सगळं ठीक होतं, फक्त कळा धिम्या. हे बाळंतपण मॅडमच्या देखरेखीखाली मी करायचं होतं. दुपारपर्यंत सासूचा धीर सुटला. तिनं सुनेची वेणी सोडली, मनगटातला गंडा काढला, स्वतःच्या पिशवीची गाठसुद्धा सोडली. मग भिंतीजवळच्या कपाटाकडे बोट केलं.

"हे कुलूप काहून लावून ठेवलं? बाई अडली तं आमी घरातली सारी कुलपं उघडतो. बंद राहिलं तं ते मोकळी कशी होईन?"

सिस्टर हसल्या. पुस्तकात असं काही नाही, हे माझ्या ओठांवर आलंच होतं. तोवर सासूनं दारातून मुलाला हाक मारली, "गाडी बोलाव रे. हिले नागपूरले नेतो." सून घाबरून रडायला लागली. आता तिला गाडीत घातलं तर बाळ रस्त्यातच, ट्रकांच्या रांगेत व्हायचं.

मॅडमनी किल्ल्या काढल्या आणि चादरींच्या त्या कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली. "झालं, माय. अजून काय उघडू?"

सासूनं टोपीखालच्या माझ्या अंबाड्याकडे पाहिलं.

"ते नाही," मॅडम म्हणाल्या. "केस बाळावर येतील. ते टोपीतच राहतील."

सासूनं मान डोलावली. मी चाट पडले. कुठं सोडायचं आणि कुठं धरायचं, हे इतक्या सहज ठरवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग मॅडमनी सासूलाच सुनेची पाठ चोळायला बसवलं. सून निवली, उठून जरा चालली, कळांनी जोर धरला. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली आणि माझ्या हातात खणखणीत रडली. मी हरखून तिला सासूपुढे धरलं. सासूनं तिच्याकडे पाहिलंही नाही. मुलगी झाली म्हणून, असं वाटून माझं डोकं फिरलं. सासू मात्र सुनेच्या नाकाशी हात धरून उभी होती.

"जिती आहे न हे?"

"आहे, माय. चांगली आहे."

"माह्या लेकीचं पोरगंबी असंच रडलं होतं," सासू म्हणाली. "मी त्यालेच पाहत बसली, अन् लेक गेली."

मॅडमनी तिची बोटं धरून सुनेच्या नाडीवर ठेवली. बराच वेळ तिनं ती उचलली नाहीत.